हिपॅटायटिस सी म्हणजे ‘पाण्याची कावीळ’ नव्हे: एका फिरत्या मेसेजला उत्तर

पावसाळा लागला की नागपूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हा मेसेज हमखास येतो. आशय असा: हिपॅटायटिस सी (विषाणूमुळे यकृताला येणारी सूज) पाण्यातून पसरते, डोळे पिवळे नसतील तर घाबरायचं कारण नाही, रोग्याचं ताट-पेला वेगळा ठेवा, डॉक्टरी औषध लाखोंचं, तरी गुण नाही, त्यापेक्षा कावीळ उतरवून घ्या आणि दारू सोडा.

दारूचं तेवढं खरं. ती सोडाच.

पाण्यातून येते ती हिपॅटायटिस ए आणि ई. नळाच्या फुटक्या लाइनीत गटाराचं पाणी शिरलं की एकाच गल्लीत दहा जण आजारी पडतात, ते यांच्यामुळे. ‘सी’ रक्तातून जाते. म्हणून ती वस्तीवार दिसत नाही, सुईच्या मागे दिसते. रक्तपेढ्यांत सी-ची तपासणी 2001-02 च्या सुमारास बंधनकारक झाली. त्याआधी बाळंतपणात, अपघातात किंवा ऑपरेशनच्या वेळी रक्त चढवलेली माणसं आज पन्नाशी-साठीत आहेत, आणि त्यांतल्या अनेकांनी ही तपासणी कधीच केलेली नाही. त्यांच्या जोडीला डायलिसिसचे रुग्ण, थॅलेसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांमुळे वारंवार रक्त घेणारे, सुईने नशा करणारे, आणि जत्रेत एकाच सुईने गोंदवून घेतलेले. ‘सुई लावल्याशिवाय बरं वाटत नाही’ ही आपल्याकडची सवय यात भर घालते. सिरिंजमध्ये उरलेल्या रक्तात हा विषाणू प्रयोगशाळेत 63 दिवसांपर्यंत जिवंत सापडला आहे. नुसती सुई बदलून सिरिंज तीच ठेवली, किंवा वापरलेली सुई पुन्हा औषधाच्या सामायिक बाटलीत बुडवली, तर संसर्गाला तेवढं पुरतं. डायलिसिस युनिटमध्येही बहुतेकदा नडतं ते हेच: न बदललेले हातमोजे आणि हेपरिनची (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) सगळ्यांना मिळून एकच बाटली.

‘डोळे पिवळे नसतील तर धोका नाही’ हा मेसेजमधला सर्वांत घातक भाग. संसर्ग झालेल्या बहुतेकांना सुरुवातीला काहीच होत नाही. 15 ते 45 टक्के लोकांत विषाणू सहा महिन्यांत आपोआप जातो. बाकीच्यांत ठाण मांडतो. त्यांतल्या साधारण 15 ते 30 टक्के जणांना वीसेक वर्षांत सिऱ्हॉसिस होतो, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होतं, आणि दारू किंवा मधुमेह असेल तर आणखी लवकर. मधल्या काळात एसजीपीटी हे रक्तातलं यकृताचं एन्झाइम नॉर्मल येऊ शकतं, त्यामुळे नुसत्या एलएफटीवर (यकृताच्या नेहमीच्या रक्ततपासणीवर) विसंबू नये. विदर्भात आणखी एक गुंता आहे. सिकलसेलमध्ये रक्तपेशी फुटल्यामुळे डोळे तसेही अधूनमधून पिवळे होतात. घरच्यांना त्याची सवय झालेली असते आणि रक्तातून आलेली ‘सी’ त्या पिवळेपणाआड लपते. अशा रुग्णांची अँटी-एचसीव्ही तपासणी (सी-विरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी रक्ततपासणी) वेळोवेळी करावी.

ताट-पेला वेगळा करण्याचं कारण नाही. एका ताटात सावजी खाल्ल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने ही पसरत नाही. वेगळं ठेवायचं ते ब्लेड, दाढीचा रेझर, टूथब्रश आणि नेलकटर.

आता कावीळ ‘उतरवणं’. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस चोळतात आणि मग चुन्याच्या निवळीने हात धुतात. पाणी पिवळं होतं ते या दोघांच्या रासायनिक क्रियेमुळे. निरोगी माणसाच्या हातावरही तसंच होईल. काविळीवर गळ्यात घालतात ती काड्यांची माळ ‘वाढते’ कारण काड्या सुकतात आणि गाठी सैल पडतात. ए-ची कावीळ काही आठवड्यांत आपणच ओसरते आणि श्रेय माळेला मिळतं. सी-मध्ये पिवळेपणा आला तरी तो ओसरतो, विषाणू मात्र राहतो.

‘लाखोंचं औषध’ ही अफवा हवेतून आलेली नाही. 2013 मध्ये अमेरिकेत सोफोसबुविर या सी-वरच्या औषधाची एक गोळी 1000 डॉलरला होती, आणि त्याआधीची इंटरफेरॉनची इंजेक्शनं रुग्णाला महिनोन्‌महिने ताप आणि नैराश्य देत. पण 28 जुलै 2018 पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. केंद्र कुठलं, हे नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत विचारावं.

क्रम असा. अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह आली म्हणजे विषाणू कधीतरी येऊन गेला, एवढंच कळतं. आज आहे का, ते एचसीव्ही आरएनए ही खुद्द विषाणू शोधणारी तपासणी सांगते. तिचा नमुना ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेऊन थंड ठेवून पाठवतात. मे महिन्यातल्या 45 अंशांत तो दिवसभर डिकीत राहिला तर आरएनए तुटू शकतो आणि अहवालावर भरवसा उरत नाही. मग यकृत किती बिघडलं याचा अंदाज: एसजीओटीला (यकृताच्या दुसऱ्या एन्झाइमला) तिच्या नॉर्मलच्या कमाल मर्यादेने भागा, 100 ने गुणा, आणि हजारांत मोजलेल्या प्लेटलेटने भागा. एसजीओटी 80, मर्यादा 40, प्लेटलेट 1,00,000 असतील तर उत्तर 2. दोन किंवा जास्त आल्यास सिऱ्हॉसिस गृहीत धरून पुढे जातात. सिकलसेलमध्ये पेशी फुटल्यानेही एसजीओटी वाढते, तिथे फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारा स्कॅन) बरा.

सिऱ्हॉसिस नसेल तर सोफोसबुविर 400 आणि डॅक्लाटासविर 60 मिलिग्रॅम, रोज एकदा, 12 आठवडे. सिऱ्हॉसिस असेल पण यकृत काम करत असेल, तर डॅक्लाटासविरऐवजी वेलपाटासविर 100. पोटात पाणी भरलेल्यांना जोडीला रिबाविरिन हे औषधही देतात. सिकलसेल आणि थॅलेसेमियात मात्र ते टाळतात, कारण त्याने पेशी आणखी फुटतात. बरे होण्याचं प्रमाण 95 टक्क्यांच्या आसपास आहे. बिघडतं ते सोबतच्या गोळ्यांमुळे: टीबीची रिफाम्पिसिन, फिटची फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन यांनी औषधाचा असर उतरतो, अमिओडेरोन या हृदयाच्या औषधाने ठोके धोकादायक मंदावतात, आणि रोजची ॲसिडिटीची गोळी वेलपाटासविर नीट शोषू देत नाही. सुरुवात करण्याआधी हिपॅटायटिस बी तपासणं अनिवार्य. सी हटताना दबलेली बी उसळू शकते.

औषध संपल्यावर 12 आठवड्यांनी पुन्हा आरएनए करा. निगेटिव्ह म्हणजे बरे. अँटी-एचसीव्ही मात्र आयुष्यभर पॉझिटिव्हच राहणार, त्यामुळे पुढच्या ऑपरेशनआधी कोणी दचकलं तर दाखवायला आरएनएचा कागद जपून ठेवा. पुन्हा संसर्ग होऊ शकतो, कारण सी-ची लस नाही. सिऱ्हॉसिस झालेल्यांनी बरं झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी सोडू नये. विषाणू गेला तरी यकृताच्या कॅन्सरची जोखीम उरतेच.