गच्चीचा ताबा

मार्च उजाडला की पुण्यातल्या गच्चीवर दोन पक्ष हक्क सांगतात: कुरडया घालणारी माणसं आणि शेजारच्या नारळावर बिऱ्हाड थाटलेली घार. माझ्या मते घारीचे कागद जास्त पक्के आहेत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घरट्याची किंवा अंड्यांची नासधूस हीसुद्धा शिकारच धरली आहे. त्यामुळे मीटिंगमध्ये कुणी ‘बांबूने ढोसून पाडा’ म्हणालं, की ‘सूचक म्हणून तुमचं नाव ठरावात लिहू का?’ एवढंच विचारावं. सूचना तिथल्या तिथे मागे घेतली जाते.

भांडण कायमचं नसतं, हे आधी समजून घ्या. अंडी दोन-तीन, उबवायला महिनाभर, पिल्लं उडायला आणखी दीड-दोन महिने. पिल्लं घरट्यात असली की घारीचं डोकं सगळ्यात जास्त फिरतं. वजन किलोच्या आत, पण पंख पसरले की जवळजवळ पाच फूट. आणि मानेमागून वारा लागला की वजनाचा हिशेब सुचत नाही. ती चोच मारत बसत नाही, नखांनी टाळू ओरबाडून पुढे निघून जाते. तेही बहुतेक वेळा पाठीमागून. सगळी मेख इथेच आहे.

टाकीचा बॉलकॉक अडकलाय आणि वर जाणं भागच आहे, असं समजू. दार किलकिलं करून ती कुठे बसलीय ते बघा. शिंगरू खिंकाळावं तशी थरथरती शीळ ऐकू आली, तर तिने तुम्हाला आधीच पाहिलंय. तोंड तिच्याकडे, पाठ भिंतीकडे, डोक्यावर उघडी छत्री. पळायचं नाही, पळणाऱ्याची पाठ दिसते. प्लंबर वाकला की त्याच्याही डोक्यावर दुसऱ्याने छत्री धरायची. छत्री नसेल तर हेल्मेट. हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या या शहरात माणसं जिना चढताना हेल्मेट घालतात, वर पट्टाही लावतात! ओरखडा निघालाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि डॉक्टरांकडून धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारून घ्या.

चिकनचे तुकडे टाकून मैत्री करणारे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांना आवरा. माणसाच्या हातात खाऊ असतो हे घारीला एकदा कळलं, की पोराच्या हातातला सामोसाही तिचाच.

पिल्लू खाली पडलं आणि धडधाकट असलं, तर लांब राहा. आईबाप खाली येऊनही भरवतात. जखमी असलं तर टॉवेल टाकून उचला, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, चोचीत दूध-पाणी काही ओतू नका आणि वनविभागाच्या १९२६ला फोन लावा. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘जिवंत घार’ लिहा, नाहीतर वॉचमन ते कुणाचं तरी कुरियर समजून लिफ्टने चौथ्या मजल्यावर पाठवतो.