शंभर टक्क्यांची वाडी

2025 च्या पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या निकालाची यादी सगळ्यांच्या मोबाईलवर आदल्या रात्रीच आलेली. तरी दाजींनी ती कट्ट्यावर मोठ्याने वाचलीच.

"आमच्या वाडयेची शाळा शंभर टक्के! आणि मास्तरांनू, तुमची केंद्रशाळा? साठ!"

"पाचवीच्या शिष्यवृत्तीक तुमची बसली किती?" मास्तर.

"कितीय बसांदेत. सगळी पात्र झाली मा?"

"दोन बसली. पाचवीचो पट सहा. चौघांचे फॉर्मच भरूक नाय. केंद्रशाळेत वीसच्या वीस बसवली, बारा पात्र. आता पटान भागा. तुमचे 33 टक्के, आमचे साठच."

दाजींना भागाकार पटत नाही. पंचायतीच्या घरपट्टीचाही पटत नाही, ते सोडा.

बाळ्याने 'असर' काढला, म्हणजे पोरांच्या वाचन-गणिताच्या सर्व्हेचा अहवाल. त्याला अहवालांची नावं पाठ असतात, आत काय ते नसतं. मास्तर म्हणाले, "असरवाले जिल्ह्यातली 30 गावं घेतात, गावात 20 घरं. पोरांक घरी जाऊन तपासतत, शाळेत नाय. त्यातून तालुक्याचो आकडो निघणा नाय, शाळेचो खंयसून निघतलो?"

"पण दहावीत कोकण बोर्ड पयला! 2025 ला 98.82!"

"तो आख्ख्या बोर्डाचो एकच आकडो, दोन शाळांतलो फरक त्यात दिसतलो कसो?"

बाळ्याने चहा मागवला. उधारीवर.

सुऱ्याने मात्र कामाचं विचारलं: मग तुलना करायची कशी? मास्तर बोटं मोजायला लागले. लहान शाळेचा एका वर्षाचा निकाल धरायचाच नाही. तिघांतलं एक पोर तापाने पडलं की शंभराचे 67 होतात. तीन वर्षांची पात्र मुलं एकत्र मोजा, तीन वर्षांचा पट एकत्र करा आणि मग भागा. तीन टक्केवाऱ्यांची सरासरी काढली की दोन पोरांचं वर्ष वीस पोरांच्या वर्षाइतकंच जड होतं. निकाल पेपरवार लावा. दोन्ही पेपर दीडशेचे, प्रत्येकात 60 गुण लागतात. भाषा-गणितात तरलेलं पोर इंग्रजी-बुद्धिमत्तेत बुडालं तरी अपात्रच, पण शिकवायचं काय ते त्यातून कळतं. आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांची पोरं वर्षाच्या मधेच येतात-जातात, ती वेगळी दाखवा. आणि खरं बघायचं तर तीच पोरं दुसरीत किती वाचत होती, चौथीत किती वाचतात, ते बघा. ते रजिस्टर मात्र कोणी मागत नाही, कारण त्याचा बॅनर होत नाही.

"म्हंजे आमची शाळा वायट?" दाजी चिडले.

"वायट म्हटलंय खंय? दोन पोरांवरून माका चांगली म्हणूक येणा नाय आणि वायटय म्हणूक येणा नाय. फुडल्या वर्षी सहाय बसवा."

"माका आकडे शिकवू नको! बॉलिंगची माझी सरासरी गावात कोणाची नाय. सहा रनांक एक विकेट!"

"ओव्हर किती टाकलंस रे दाजी?" सुऱ्या.

"...एक."

"पट किती, पट?" कट्टा खिदळला.

"आणि तीय विकेट न्हय," मागून कोणीतरी, "तो रनआउट होतो. अंपायर ह्याचो मेव्हणो!"

मग यादी राहिली बाजूला. त्या रनआउटवर दिवेलागणीपर्यंत भांडण चाललं.