आधी नेट पोहोचवा, मग खिडकी बंद करा

आज आणखी एका कार्यालयाच्या दारावर कागद पाहिला, ‘अर्ज फक्त ऑनलाइन’. खरंच डोकं फिरलं. आत माणसं बसलेली आहेत, खिडकी बंद आहे आणि बाहेरच्यांना घरी पाठवतायत. ज्याच्या घरी नेट नाही त्याने जायचं कुठे?

माझ्या मावशीचं हेच झालं. पेन्शनचा फॉर्म ऑनलाइन. फॉर्म उघडलेला शेजारणीच्या लॅपटॉपवर आणि मोबाइलला रेंज फक्त गच्चीत. जिने चढून ओटीपी घेऊन खाली येईपर्यंत त्याची मुदत संपलेली. आयुष्यभर स्वतःचे व्यवहार स्वतः करणारी बाई शेवटी म्हणाली, ‘जाऊ दे गं, नको मला ते पैसे.’ ती हक्काच्या पैशांवर पाणी सोडायला निघाली होती!

आयटीयू या संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संघटनेच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगातली सुमारे २६० कोटी माणसं नेटच्या बाहेर होती. सगळ्यांनाच काही गच्ची नसते.

हो, डोंगरातल्या चार घरांसाठी फायबर टाकणं कंपनीला परवडत नाही, मान्य. मग सरकार असतं कशाला? फिनलंडने २०१० मध्ये किमान १ एमबीपीएसची जोडणी हा प्रत्येकाचा कायदेशीर हक्क केला. वेग आज किरकोळ वाटेल, पण तिथल्या माणसाला निदान हक्काने मागता तरी आलं. फायबरचा मोठा खर्च केबलचा नसतोच, खोदाईचा असतो. मग रस्ता बांधतानाच खाली रिकामा पाइप का टाकून ठेवत नाहीत? नवा रस्ता करायचा आणि केबलसाठी तोच पुन्हा फोडायचा, हे किती वर्षं बघायचं?

बरं, तार दारात आली म्हणजे झालं का? बिल कोण भरणार? अमेरिकेत नेटच्या बिलात सवलत देणारी योजना होती, २ कोटी ३० लाखांहून जास्त कुटुंबं तिच्यात होती. २०२४ मध्ये निधी संपला, योजना बंद. वायर तिथेच, बिल मात्र अंगावर. अशा सवलतीला दरवर्षी बजेटमध्ये हक्काची जागा हवी.

मावशीचं काम शेवटी झालं, ते वाचनालयातल्या एका मुलीमुळे. तिने फॉर्म स्वतः भरून टाकला नाही. शेजारी बसली, एकेक रकाना समजावला आणि मावशीलाच टाइप करू दिलं. वेळ लागला, पण तिने घाई केली नाही. त्या दिवशी मावशीचा फोनवरचा आवाजच वेगळा होता. आता ती वीजबिलसुद्धा स्वतः भरते.

ती मुलगी तिथे बिनपगारी येते, हे मला नंतर कळलं. केबलला पैसा आहे, टॉवरला आहे, उद्घाटनाच्या मांडवालाही आहे. शिकवणाऱ्या माणसाला नाही. प्रत्येक वाचनालयात असं एक माणूस नेमा, पूर्ण पगारावर. आणि ते नेमेपर्यंत एकाही कार्यालयाला कागदी अर्ज नाकारायची परवानगी देऊ नका.