एक्सबॉक्सवर स्पायडर-मॅन २ का लावला नाही, दुकानाकडून उत्तर

ताई नमस्कार, तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात आणि लिहिलंत की मुलाच्या वाढदिवसाला पोरांना घेऊन आलो, एक्सबॉक्स रिकामे होते तरी स्पायडर-मॅन २ हा गेम लावून दिला नाही, प्लेस्टेशनचा तासाचा रेट जास्त म्हणून मुद्दाम तिकडच्या लाइनीत बसवलं, नवीन गेमवर हे खर्च करत नाहीत. दांडिया बाजारातले बरेच पालक हे वाचून ठरवतात, म्हणून इथेच नीट सांगतो.

तो गेम एक्सबॉक्सवर आलेलाच नाही. बडोद्यात नाही, मुंबईत नाही, जगात कुठेच नाही. ऑक्टोबर २०२३ ला पीएस५ म्हणजे प्लेस्टेशन ५ वर आला, जानेवारी २०२५ ला पीसीवर, बस. त्याची डिस्क आमच्याकडे आहे पण ती प्लेस्टेशनची, आणि एक्सबॉक्सची डिस्क मी लाख रुपये घेऊन बाजारात फिरलो तरी मिळणार नाही कारण कुणी बनवलीच नाही.

आता का नाही बनवली. बरेच जण म्हणतात सिनेमाचे हक्क प्लेस्टेशनवाल्या सोनीकडे आहेत म्हणून, तर तसं नाहीये, गेमचा करार स्पायडर-मॅनच्या मालक मार्वल कंपनीशी होतो, सिनेमाचा वेगळा. मुद्दा पैसा कुणी घातला हा आहे. गेम बनवणारी इन्सॉम्नियाक कंपनी सोनीने २०१९ मध्ये विकतच घेतली, २२ कोटी ९० लाख डॉलरला. गणपतीच्या मंडपात ज्याची वर्गणी मोठी त्याचा बॅनर पुढे लागतो ना, तसंच. आणि सोनीला तो गेम विकून जे मिळतं तेवढ्यावर हिशोब थांबत नाही, एकदा का घरात पीएस५ आला की पुढे तुम्ही त्यांच्या ऑनलाइन स्टोअरवरून कुणाचाही गेम घ्या, साधारण ३० टक्के सोनी कापून घेते. तोच गेम एक्सबॉक्सवर विकला तर उलट ते ३० टक्के एक्सबॉक्सवाल्या मायक्रोसॉफ्टला द्यायचे आणि वर लोकांना पीएस५ घ्यायचं एक कारण कमी, मग कशाला देतील?

तुमच्या मुलाने काउंटरवर विचारलं होतं की मग कॉल ऑफ ड्यूटी दोन्हीकडे कसा, फार चांगला प्रश्न होता, गर्दीत उत्तर अर्धंच दिलं गेलं. तो गेम आधीपासून सगळीकडे विकला जायचा आणि त्यात मजाच ही की मित्राकडे कुठलाही कन्सोल, म्हणजे गेमचं मशीन, असो, सोबत खेळता येतं. एका बाजूला बंद केला तर बरेच खेळाडू जातात. म्हणून मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये ६८.७ अब्ज डॉलर देऊन तो गेम बनवणारी अ‍ॅक्टिव्हिजन कंपनी घेतली तेव्हासुद्धा सोनीशी १० वर्षांचा करार केला की कॉल ऑफ ड्यूटी प्लेस्टेशनवर येत राहील. माइनक्राफ्टचं पण तेच, मालक मायक्रोसॉफ्ट आणि चालतो सगळीकडे.

ज्या गेम कंपन्या कुठल्याच कन्सोलवाल्याच्या मालकीच्या नाहीत त्यांचं गणित सगळ्यात अवघड असतं असं मला वाटतं. एका कन्सोलवाल्याकडून आधीच पैसे किंवा जाहिरातीचा खर्च मिळाला तर रिस्क कमी, पण दुसरीकडचं गिऱ्हाईक गेलं. राइज ऑफ द टूम रेडर २०१५ मध्ये एक्सबॉक्सवर आला, पीएस४ वाल्यांना २०१६ पर्यंत थांबावं लागलं. फायनल फँटसीचा सोळावा भाग जून २०२३ ला फक्त पीएस५ वर आला, आणि मे २०२४ मध्ये तो बनवणाऱ्या स्क्वेअर एनिक्स कंपनीनेच जाहीर केलं की आता मोठे गेम सगळीकडे काढणार. अर्थात सगळीकडे काढणं पण सोपं नाही, प्रत्येक मशीनवर वेगळी मेहनत लागते, बाल्डर्स गेट ३ एक्सबॉक्सवर डिसेंबर २०२३ पर्यंत लटकला कारण सिरीज एस या स्वस्तातल्या एक्सबॉक्सवर दोघांनी एकाच स्क्रीनवर खेळायचा मोड नीट चालेना.

गेम बनवायचा खर्च इतका वाढलाय की कुलपं हळूहळू उघडतायत, फोर्झा होरायझन ५ हा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा गेम एप्रिल २०२५ पासून पीएस५ वर आहे, आमच्याकडे तो दोन्हीवर लावलेला आहे. मला मनापासून वाटतं की सगळे गेम सगळीकडे यावेत, कारण ज्याच्या घरी एकच कन्सोल आहे त्या पोराला तोंड पाडून बसावं लागतं हे मी रोज बघतो.

रेटचं म्हणाल तर प्लेस्टेशनचा रेट जास्त आहे कारण तिथे कायम वेटिंग असतं, आणि हा रेट दारावरच्या बोर्डावर लिहिलेला आहे. मुलांना घेऊन परत याल तर आदल्या दिवशी फोन करून कुठले गेम हवेत ते सांगा, स्पायडर-मॅनसाठी पीएस५ चा स्लॉट धरून ठेवतो आणि बाकी पोरांना एक्सबॉक्सवर फोर्झा लावून देतो, रविवारी संध्याकाळी मात्र सगळं फुल असतं, सकाळी अकराच्या आसपास आलात तर निवांत खेळता येईल.