दाजी, ॲम्प काढायचा नाही!

रविवारी सकाळी साडेसातला दाजींचा फॉरवर्ड. खाली त्यांचं वाक्य, "बघ रे, हे करून घेतोय, दुकानात 2000 ॲडव्हान्स दिलाय." झोपच उडाली. हाच फॉरवर्ड महिनाभरात मला चार ग्रुपवर आलाय आणि चारही वेळा मी वाचून सोडून दिला, म्हटलं कोण कोणाशी भांडत बसणार. पण आता ताईच्या गाडीपर्यंत पोचला म्हणजे लिहायलाच लागणार.

ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. तुमच्या गाडीत बोस, हरमन, जेबीएल असे भारी स्पीकर कंपनीतूनच आलेत तर ते ठेवा, फक्त स्टिरिओ काढून 8-10 हजारांचा अँड्रॉइड टाका. सीटखाली किंवा डिकीत कंपनीचा ॲम्प (ॲम्प्लिफायर, स्पीकरला पॉवर देणारा डबा) असतो तो बायपास करा, तो मुद्दाम आवाज दाबतो. स्पीकरच्या वायरी डायरेक्ट नव्या स्टिरिओला द्या, तो 4x60 वॅटचा असल्यामुळे आवाज डबल. स्टीअरिंगची बटणं, रिव्हर्स कॅमेरा सगळं आपोआप चालतं. फ्यूज उडाला तर 10 ॲम्पिअरचा काढून 25 चा टाका. वॉरंटीला काही होत नाही, तसा कायदाच आहे. शेवटी तीन हात जोडलेले इमोजी आणि "शोरूमवाले हे कधीच सांगणार नाहीत".

शोरूमवाले सांगणार नाहीत हे खरं आहे, कारण शोरूमवाल्यांना गाडी परत चालू स्थितीत द्यायची असते.

दाजींची गरज खरी आहे हे आधी सांगतो. गाडी सेकंडहँड, टॉप मॉडेल, आठ स्पीकर, दाराच्या जाळीवर मोठ्या ब्रँडचा बिल्ला. आवाज अजून मस्त आहे. स्क्रीन मात्र म्हातारी झालीय, मॅप येत नाही, कोल्हापुरातून निघाल्यावर फोन कनेक्ट होईपर्यंत कागल येतं. तर स्टिरिओ बदलायला माझी काहीच हरकत नाही. हरकत आहे ती बायपासला.

लोकांना वाटतं स्पीकर म्हणजे स्पीकर, घरातल्या बल्बसारखा, कुठल्याही होल्डरला लावा पेटेल. गाडीतली प्रीमियम सिस्टिम अशी नसते, आणि ही आजची गोष्ट नाही. बोस आणि जनरल मोटर्सनी 1983 च्या मॉडेलांत, कॅडिलॅक सेव्हिल वगैरे गाड्यांत, पहिल्यांदा त्या त्या गाडीसाठी बनवलेली सिस्टिम दिली तेव्हा प्रत्येक स्पीकरला त्याचा स्वतःचा ॲम्प होता. म्हणजे स्पीकर आणि ॲम्प हा सुरुवातीपासून जोडीचा मामला आहे. एकाला घरात ठेवून दुसऱ्याला हाकलायचं आणि वर म्हणायचं संसार डबल सुखाचा होईल, असं चाललंय.

आता गणित करू, दहावीचंच आहे. इंजिन चालू असताना गाडीत 14.4 व्होल्टच्या आसपास मिळतात. तेवढ्यावर साधा स्टिरिओ 4 ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा) स्पीकरला न फाटलेल्या आवाजात जास्तीत जास्त किती देईल? स्वच्छ सुराची लाट गोलाईदार असते, सतत शिखरावर नसते, म्हणून 14.4 भागिले 1.414 (2 चं वर्गमूळ), आले 10.2. त्याचा वर्ग साधारण 104. भागिले 4. म्हणजे 26 वॅट. संपलं. डब्यावर काहीही छापा, याच्या वर स्वच्छ आवाज जाऊ शकत नाही. जास्त पॉवर हवी तर एकतर ॲम्पमध्ये व्होल्टेज वाढवणारं सर्किट टाका, नाहीतर स्पीकरचा ओहम कमी करा. 2 ओहम केला की 26 चे 52 होतात. अनेक कारवाल्यांनी हा दुसरा रस्ता धरला, बोसच्या सिस्टिममधले कित्येक स्पीकर 2 ओहमचे असतात, काही 1 ओहमचेसुद्धा. त्यांचा ॲम्प तेवढा करंट झेपवायलाच बनवलेला असतो. बाजारातल्या बहुतेक स्टिरिओवर मात्र मागे लिहिलेलं असतं, 4 ते 8 ओहम. तिथे तुम्ही 2 ओहमचा स्पीकर लावला की तो दुप्पट करंट ओढणार आणि मागचा छोटा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) तापून तव्यासारखा होणार.

मग 4x60 कुठून आलं? हीच गंमत आहे. आवाज इतका वाढवला की सूर उरलाच नाही, नुसती वर-खाली चौकोनी लाट, तर गणितातला 1.414 निघून जातो. 14.4 चा वर्ग 207, भागिले 4, 52 च्या आसपास. डब्यावरचा "50 वॅट" हा असा, म्हणजे फाटलेल्या आवाजाचा आकडा आहे. 60 तर तिथेही बसत नाही! खात्री करायची तर स्टिरिओच्या मागचा फ्यूज बघा. 10 ॲम्पिअरचा असेल तर 10 गुणिले 14.4, आत जाणारी पॉवरच 144 वॅट. त्यातून 240 बाहेर काढणारा माणूस कोल्हापुरात नको, देशाच्या वीजमंडळात पाहिजे.

हे मी मनाने सांगत नाही. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांच्या संघटनेचं, सीटीएचं, गाडीच्या ॲम्पसाठी स्टँडर्ड आहे, सीटीए-2006 (नावात 2006 असलं तरी आलं 2003 साली, तेव्हा सीईए-2006 म्हणायचे). त्यात अट साफ आहे: 14.4 व्होल्ट, 4 ओहम, आणि आवाजातली खराबी 1 टक्क्याच्या आत, तेव्हा जे वॅट येतील तेच लिहायचे. सक्ती नाही, ज्याला पाळायचं तो पाळतो. पुढच्या वेळी दुकानात डबा हातात आला की हे नाव शोधा आणि त्याच्यापुढचा आकडा वाचा. चांगल्या कंपनीच्या स्टिरिओवरही तो 14, 18, 22 असा निघतो. स्वस्तातल्या डब्यावर बहुतेक ते नावच नसतं.

माझ्या मावसभावाने दोन वर्षांपूर्वी हा बायपास करून घेतला होता, दुकानाचं नाव घेत नाही. पहिले दोन दिवस खूष. मग लक्षात आलं की आवाज 18 च्या वर नेला की स्टिरिओ बंद पडतो, दहा सेकंदांनी परत चालू, लोगो, वेलकम, आणि ब्लूटूथ नव्याने जोडा. दुकानदार म्हणाला सॉफ्टवेअर अपडेट लागेल. सॉफ्टवेअर कुठलं, बिचारा आतला चिप स्वतःला वाचवत होता. आणि आठ स्पीकरपैकी वाजत होते सहा, कारण स्टिरिओला चॅनल चार, डॅशबोर्डवरचा मधला स्पीकर आणि मागचा वूफर लटकलेच. महिन्याभरात डाव्या पिलरमधला ट्विटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) गेला. त्याचं कारण असं की ज्या गाडीत ॲम्पच आवाजाची वाटणी करतो, बारीक आवाज ट्विटरला, जाड दाराला, तिथे काही ट्विटरना स्वतःचं काहीच संरक्षण नसतं. ॲम्प काढला की ढोल-ताशाचा पूर्ण ठोका त्या दोन बोटांएवढ्या ट्विटरवर. तो किती दिवस टिकणार.

तर दुपारी जेवण झाल्यावर मल्टिमीटर घेऊन ताईकडे गेलो. दाराचा पॅड काढला, हँडलमागचे दोन स्क्रू, खालून क्लिपा. एक क्लिप तुटली, ती ताईला अजून सांगितलेली नाही. स्पीकरचं कपलर (वायरींचा प्लग) काढून दोन पिनांवर मीटर लावला, 2.0. मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवून बघितल्या तर त्यांचेच 0.3 निघत होते, ते वजा करा, राहिले 1.7. साध्या 4 ओहमच्या स्पीकरला इथे 3.3 ते 3.6 दिसतं. म्हणजे हा 2 ओहमचा, शंकाच नाही. दाजींना दाखवलं. दाजी बराच वेळ आकड्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे चारच्या जागी दोनच दिलेत? कंपनीने फसवलंच की!" ताई चहा घेऊन आली म्हणून बरं, नाहीतर मी काय बोललो असतो माहीत नाही.

आता "ॲम्प आवाज दाबतो" यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. कंपनीच्या बऱ्याच सिस्टिममध्ये व्हॉल्यूम वाढत गेला की बेस हळूहळू कमी केलेला असतो, स्पीकर फाटू नयेत म्हणून. बिल्ल्याचेही पैसे घेतलेले असतात, बिल्ल्यामागे कित्येकदा साधा कागदी कोनच असतो, आणि तो चांगला वाजतो त्याचं निम्मं श्रेय आतल्या ट्यूनिंगला. पण हे ट्यूनिंग असतं कुठे? बऱ्याच गाड्यांत त्याच ॲम्पमध्ये! ॲम्प हाकलला की तो कागदी कोन उघडा पडतो.

बरोबर पद्धत कंटाळवाणी आहे म्हणून तिचा व्हिडिओ कोणी करत नाही. तुमच्या गाडीच्या *ॲम्पवाल्या* मॉडेलचं कपलर-टू-कपलर हार्नेस (दोन्ही टोकांना प्लग असलेला तयार वायरींचा जोड) मागायचं. बिनॲम्पच्या मॉडेलचं वेगळं असतं आणि दुकानात पटकन तेच हातात देतात. एकही वायर कापू द्यायची नाही, पिळून काळी टेप तर अजिबात नाही. स्टिरिओची निळी-पांढरी वायर ॲम्पला जागं करते, ती जोडली नाही तर सगळं शांत, आणि मग "साहेब तुमचा ॲम्पच गेलाय" हे वाक्य ऐकायला मिळतं. सिग्नलची पातळी ॲम्पला मानवेल अशी हवी, काही गाड्यांत मध्ये कन्व्हर्टर लागतो, नाहीतर सतत हिस्स आणि ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून डास गुणगुणल्यासारखा आवाज. सेकंडहँड बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी घेतलेल्यांनी तर दुकानात जायच्या आधी चौकशी करा. 2001 च्या बीएमडब्ल्यू 7 सीरिजपासून अशा अनेक गाड्यांत स्टिरिओ ते ॲम्प आवाज ऑप्टिकल फायबरवरून जातो, मॉस्ट म्हणतात त्याला. तिथे वेगळा इंटरफेस लागतो आणि तो स्टिरिओपेक्षा महाग पडू शकतो.

बाकीचे मुद्दे पटापट. स्टीअरिंगची बटणं आपोआप चालतीलच असं नाही, बऱ्याच गाड्यांत कॅनबसचा डबा (गाडीतले डिजिटल संदेश स्टिरिओला समजावणारा) लागतो आणि तो त्याच गाडीचा लागतो. कॅमेरा चालेलच असं नाही, काही कंपन्यांचे कॅमेरे 6 व्होल्टचे असतात, त्यांना थेट 12 दिले की गेले. आणि काही गाड्यांत सीटबेल्टची टूंटूं, इंडिकेटरची टकटक हीसुद्धा स्टिरिओतून येते, ती बंद होते. वॉरंटीचा तो कायदा अमेरिकेतला आहे, मॅग्नुसन-मॉस, 1975 चा. दाजी कागलला जातात, कॅलिफोर्नियाला नाही. इथे तुमच्या वॉरंटीच्या पुस्तकात काय लिहिलंय तेवढं वाचा. आणि नवा स्टिरिओ इन्शुरन्समध्ये आपोआप धरत नाहीत, पॉलिसीत वेगळी नोंद करून घ्यावी लागते, आयएमटी 24 नावाच्या कलमाखाली.

फ्यूजचं मात्र पटापट नाही. ज्याने हे वाक्य लिहिलं त्याने स्वतःच्या गाडीत मुलं बसवून हा प्रयोग केलाय का? फ्यूज स्टिरिओसाठी नसतो, फ्यूज असतो *वायरसाठी*. कंपनीने त्या वायरीची जाडी बघून 10 चा दिलाय. 25 चा टाकलात म्हणजे आता वायर अडीचपट करंट वाहीपर्यंत तो बोलणारच नाही, आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, अडीचचा वर्ग सव्वासहा. सहापट तापलेली वायर डॅशबोर्डच्या आत, फोम आणि प्लॅस्टिकच्या मध्ये, जिथे तुम्हाला ना दिसणार ना हात पोचणार. फ्यूज उडतोय म्हणजे कुठेतरी शॉर्ट किंवा जादा लोड आहे, ते शोधा. तापाचा आकडा आवडला नाही म्हणून थर्मामीटर फोडण्यातला प्रकार आहे हा.

सोमवारी दाजींबरोबर दुकानात गेलो. पोरगा चांगला होता, मीटरचा आकडा सांगितल्यावर स्वतःच म्हणाला की मग ॲम्पवाला हार्नेस मागवावा लागेल, तो आमच्याकडे नाही. ॲडव्हान्स परत मागितला तर मालक म्हणाले कॅश रिटर्न नाही, वस्तू घ्या. त्यामुळे सध्या गाडीत स्टिरिओ जुनाच आहे, फोन अजून कागललाच कनेक्ट होतो, आणि खाली 2000 रुपयांचे लाल मॅट आहेत जे ताईला बघवत नाहीत.