'जा' म्हटलंय, हे मलाही मान्य आहे

प्रिय बंधू, प्रभूमध्ये सलाम.

आजीच्या प्रार्थनेबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही रागावून लिहिलंत. सुवार्तेचं, म्हणजे येशूचा संदेश लोकांपर्यंत नेण्याचं काम टाळणाऱ्यांना मी आयती सबब दिली. येशूने 'जा' म्हटलं, 'घरी बसा' म्हटलं नाही. आजी-आईच्या गोष्टी हळव्या असतात, पण त्यांना बायबलमधल्या वचनाचा आधार नाही, असं तुमचं म्हणणं. तीस वर्षं गावोगाव फिरलेल्या माणसाने हे लिहिलंय, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला जमेना.

आधी माझी चूक. 'चौकातल्या प्रचाराने आता कोणी बदलत नाही' हे वाक्य मी लिहायला नको होतं. ते खरं नाही, आणि तुमच्यासारख्यांच्या पायपिटीचा त्यात अपमान आहे. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना कवी ना. वा. टिळकांना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला. तो माणूस भिडेपोटी गप्प बसला असता तर आपल्या उपासनेत आज टिळकांची गीतं नसती. ते वाक्य मी लेखातून काढलं आहे.

पण त्याच घरात पुढे काय झालं तेही बघा. टिळक त्या पुस्तकातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी खिळले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार त्या दिवशी मोडल्यातच जमा झाला. पुढे त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या त्याही सोवळं सांभाळून, स्वतःचा स्वयंपाक वेगळा ठेवून. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केलाय, हे त्यांचं त्यांना उमगलं, तेव्हा कुठे त्या कोणाच्याही हातचं पाणी प्यायला लागल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. पुस्तक एका प्रवासात देता येतं. विटाळ मनातून जायला वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं कोणीतरी जवळ असावं लागतं.

वचनाचं म्हणाल, तर मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात 'जा' आहेच. पण मूळ ग्रीक वाक्यात आज्ञेचं मुख्य क्रियापद 'शिष्य करा' हे आहे, आणि पुढे प्रभू म्हणतो की मी आज्ञापिलेलं सगळं त्यांना पाळायला शिकवा. नुसतं ऐकवा म्हणत नाही. पाळायला शिकवायचं तर त्या माणसाचं घर, कामधंदा, भांडणं, उधारी सगळं माहीत पाहिजे. आजी-आईचा आधार पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पहिल्याच अध्यायात आहे: तीमथ्याची लोईस आजी, युनीके आई. पौलाला त्यांची नावं लिहाविशी वाटली.

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. आमच्या नगर जिल्ह्यातल्या घरात संध्याकाळी ती चुलीपुढे भाकऱ्या थापायची आणि मी कंदिलाजवळ शास्त्रपाठ वाचायचो. खेळायला पळायची घाई असली की मी मधलं एखादं वचन गाळायचो. तिचा हात परातीतच थांबायचा. "मागं जा. तिथं अजून काहीतरी हाय." ऐकून ऐकून तिला अध्यायच्या अध्याय पाठ होते. शेजारच्या बाईशी पाण्यावरून बोलाचाली झाली त्या रात्री तिने मला क्षमेचा उतारा वाचायला लावला, भाकरी उतरवली आणि तशीच पदराला हात पुसत त्या बाईकडे गेली. मी दारात उभा राहून बघत होतो. त्या उताऱ्यावर पुढे मी खूप प्रवचनं ऐकली, पण आठवतो तो पदर.

हे लिहायचं आणखी एक कारण आहे. आमच्या तरुण संघात मी बारा धड्यांचा शिष्यत्वाचा अभ्यासक्रम घेतला होता. चौदा मुलं होती, वह्या भरल्या, प्रमाणपत्रं वाटली. वर्षभरात त्यातली दोनच उपासनेला उरली. दोष मुलांचा नव्हता. त्यांच्यापैकी एकाच्याही घरी मी गेलो नव्हतो.

आता मी एकाच मुलासोबत बसतो. तो एमआयडीसीत रात्रपाळी करतो. गुरुवारी सकाळी सुटला की गेटसमोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतो आणि एक परिच्छेद वाचतो. मागच्या महिन्यात त्याने विचारलं, "साहेब उत्पादनाचा आकडा वाढवून लिहायला सांगतात. नाही म्हटलं तर कंत्राट जाईल. काय करू?" माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. आम्ही प्रार्थना केली. त्याने खरा आकडा लिहिला आणि पुढचे आठ दिवस मलाच झोप नव्हती. नोकरी अजून आहे. उद्याचं सांगता येत नाही. हल्ली तो खोलीतल्या जोडीदारालाही कधीमधी सोबत आणतो.

तुम्ही शेवटी विचारलंत, 'यातून बाप्तिस्मे किती झाले?' एकही नाही. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या शिष्यांनाही जागा होती. त्या जोडीदाराला मी त्याच नजरेने बघतो. त्याने अजून काही ठरवलेलं नाही, आणि मी घाई करणार नाही.

एक विनंती आहे. तुमच्या फिरतीत ज्यांनी विश्वास धरला आणि वीस-पंचवीस वर्षांनीही जे टिकून आहेत, त्यांच्याबद्दल लिहाल का? तुम्ही गाव सोडून पुढे गेल्यावर त्यांच्याजवळ कोण बसलं, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे. सवडीने लिहा, कितीही लांब चालेल.