ड्रायव्हर लिहा बिनधास्त, थ्रेड आपापसांत बघून घेतील

ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा प्रोग्रॅम, लिहायला बसलात की आधी सगळी व्हेरिएबल्स ग्लोबल करा. घरचंच आहे, कोणीही घ्यावं, कोणीही ठेवावं. कोणी शंका काढलीच तर पुढे 'व्होलाटाइल' लिहा. हा शब्द कंपायलरला एवढंच सांगतो, की दर वेळी मेमरीत जाऊन खरी किंमत बघ. दोन थ्रेडमधली, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांमधली, भांडणं तो सोडवत नाही. पण दारावरची लिंबू-मिरची तरी दुसरं काय करते?

'काउंटर++' दिसायला एक ओळ. बहुतेक प्रोसेसर तिचे तीन तुकडे करतात: वाचा, वाढवा, परत लिहा. मधेच इंटरप्ट (चालू काम थांबवणारी हार्डवेअरची हाक) येऊन त्यानेही तोच काउंटर वाढवला, तर दोन पाहुणे आले आणि पान एकच मांडलं. अर्थात आपल्या टेबलावरचा बोर्ड असं कधी करत नाही, तो गुणी असतो. हे ग्राहकाकडेच होतं, आपण गणपतीला गावी पोचून रेंज गेली की.

आता लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारा पास. घ्यायचाच असेल तर प्रत्येक फंक्शनमध्ये वेगळा घ्या आणि लगेच सोडा. समजा आय-टू-सी बसवर (चिपा जोडणाऱ्या दोन तारांवर) एकच सेन्सर आहे, तापमान आणि आर्द्रता दोन्ही देणारा. तापमानाच्या टास्कने (थ्रेडचंच दुसरं नाव) लॉक घेतला, रजिस्टरचा (सेन्सरमधल्या कप्प्याचा) पत्ता लिहिला, लॉक सोडला. तेवढ्यात आर्द्रतेचं टास्क आलं, त्याने स्वतःचा पत्ता लिहिला. मग पहिल्याने रीतसर लॉक घेऊन वाचलं, तर खोलीचं तापमान अठ्ठ्याऐंशी. लिहिणारं फंक्शन सुरक्षित, वाचणारंही सुरक्षित, फक्त मधली फट उघडी. पत्ता लिहिणं आणि वाचणं हा एकच व्यवहार मानून दोन्ही होईपर्यंत लॉक धरून ठेवणारे लोकही आहेत. त्यांना एवढा वेळ कुठून मिळतो, कोण जाणे.

इंटरप्ट हँडलरमध्ये (इंटरप्ट आला की चालणाऱ्या कोडमध्ये) खुशाल म्यूटेक्स, म्हणजे असाच लॉक, मागा. हँडलरला वाट बघत झोपता येत नाही म्हणे. म्हणून फ्रीआरटीओएस या छोट्या यंत्रांसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिमने नावाच्या शेवटी 'फ्रॉमआयएसआर' लावलेली वेगळी फंक्शन्स दिली आहेत. एवढं लांब नाव टाइप कोण करणार? शिवाय तिथे टास्कच्या प्रायॉरिटीचा (अग्रक्रमाचा) आकडा मोठा तर मान मोठा, आणि कॉर्टेक्स-एम प्रोसेसरच्या इंटरप्टचा आकडा मोठा तर मान कमी. अंदाजाने भरा.

प्रायॉरिटी इनहेरिटन्स (लॉक धरून बसलेल्या खालच्या टास्कला, वाट बघणाऱ्या वरच्याची प्रायॉरिटी तात्पुरती देण्याची सोय) मात्र बंदच ठेवा. मोठ्यांनीही ठेवलं होतं. जुलै 1997 मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानावर व्हीएक्सवर्क्स ही ऑपरेटिंग सिस्टिम होती. हवामानाची माहिती गोळा करणारं खालच्या प्रायॉरिटीचं टास्क म्यूटेक्स धरून बसायचं, मधल्या प्रायॉरिटीची टास्क्स त्याला प्रोसेसर मिळू द्यायची नाहीत, आणि बस सांभाळणारं वरचं टास्क ताटकळायचं. (सरकारी कचेरीत गेलेल्याला हे समजावायला नको: साहेब दाराबाहेर उभे, किल्ली शिपायाकडे, आणि कारकुनांनी शिपायाला चहाला पिटाळलंय.) काम वेळेत झालं नाही म्हणून यान स्वतःला रीसेट करायचं. उतरण्याआधीच्या चाचण्यांतही असा रीसेट दिसला होता, पण पुन्हा घडवता आला नव्हता. शेवटी नासाच्या लोकांनी तो पृथ्वीवर घडवून पाहिला आणि इनहेरिटन्स चालू करणारा बदल थेट मंगळावर पाठवला. तुमचं यंत्र जवळच्याच कारखान्यात आहे, तिथे वायरमन जाऊन स्विच बंद-चालू करू शकतो.

एवढं करूनही बग दिसलाच, तर शोधायला प्रिंटएफ (किमती छापून दाखवणारी ओळ) टाका. वेळेचं गणित हलतं आणि बग नाहीसा होतो. प्रिंटएफ काढला की परत येतो. मग काढायचा कशाला? त्याच्या जागी दहा मिलिसेकंदांचा डिले टाका. (मी स्वतः असा एक डिले तीन वर्षं जपला आहे, तुळशीसारखा.)

पुढे कधीतरी कंपनी दोन कोअरची (एकात दोन प्रोसेसर असलेली) चिप घेते. भांडण टाळायला तुमच्या कोअरचे इंटरप्ट बंद केलेले असतात आणि दुसरा कोअर त्याच बफरमध्ये निवांत लिहीत असतो. तोवर तुम्ही दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेले असता. नव्याने आलेला मुलगा फोन करून विचारतो, "सर, हा डिले का आहे?" कॉमेंट वाचायला सांगा. तिथे लिहिलंय, 'काढू नये'.